तातडीची मदत हवी आहे: प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे नक्की काय केला?

घाईतला_गडी
मंडळी, उत्तर आज रात्रीच हवंय. वरिष्ठ बाईंची मेल आलीये. माझ्या प्रस्तावाबद्दल 'वुई विल टेबल इट ऑन थर्सडे' असं लिहिलंय आणि खाली 'द बॉल इज इन फायनान्सेस कोर्ट'. म्हणजे गुरुवारी मांडायचाय ना? तसं असेल तर आत्ताच स्लाइड्सना बसतो. नेटवर दोन अर्थ मिळाले, तेही एकमेकांच्या उलट!

निवांतराव
बाई ब्रिटिश की अमेरिकन?

घाईतला_गडी
त्याचा काय संबंध? मेल इंग्रजीत आहे.

शब्दवेडी
सगळी मेख तिथेच आहे. ब्रिटनमध्ये टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं, आपल्या 'पटलावर ठेवणे'सारखं. अमेरिकेत तोच विषय तूर्त बाजूला सारणं, थोडक्यात बासनात. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे अधिकारी यावरून चांगलेच जुंपले होते. ब्रिटिशांना एक कागद लगेच चर्चेला हवा होता, म्हणून ते म्हणाले 'टेबल करा'. अमेरिकन म्हणाले छे, तो महत्त्वाचा आहे, टेबल करायचा नाही. बराच वेळ हमरीतुमरी झाल्यावर कळलं की दोघांना एकच हवं होतं. चर्चिलने आठवणींत लिहून ठेवलंय.

वाटसरू
प्रकरण कोर्टात गेलंय ना? मग आधी चांगला वकील गाठा.

निवांतराव
अहो, टेनिसचं कोर्ट! चेंडू त्यांच्या अंगणात, म्हणजे पुढचं पाऊल फायनान्सने उचलायचं.

जुनाजाणता
आमच्या वेळी आम्ही रोज पाच वाक्प्रचार घोकायचो. 'बाइट द बुलेट' म्हणजे मन घट्ट करून नकोसं काम उरकणं, 'ब्रेक अ लेग' म्हणजे रंगमंचावर जाणाऱ्याला शुभेच्छा. हे केलं असतंत तर आज ही वेळ आली नसती. आणि स्लाइडवर मजकूर कमी, अक्षर मोठं.

काथ्याकूट
'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'चं माहितीये का? पूर्वी गवताच्या छपरांवर कुत्री-मांजरं झोपायची, पाऊस आला की घसरून खाली पडायची.

शब्दवेडी
लोणकढी थाप! १९९९ च्या सुमारास ईमेलमधून फिरली होती. मांजराचं समजू शकते, पण कुत्रं छपरावर कशाला जाईल?

काथ्याकूट
मग खरं मूळ सांगा की. नुसतं खोडून काढायला काय जातंय?

शब्दवेडी
१७३८ साली जोनाथन स्विफ्टच्या छापील पुस्तकात हे शब्द आहेत, मुसळधार पाऊस याच अर्थाने. तिथे छपराचा पत्ता नाही.

घाईतला_गडी
कुत्री-मांजरं राहू द्या हो!! बाई मूळच्या अमेरिकन, पण बरीच वर्षं लंडनला आहेत.

निवांतराव
झालं कल्याण. आता देशावरून काहीच ठरत नाही. बाईंनाच सरळ विचारा, 'गुरुवारी मी मांडू का?' एका ओळीचं काम आहे.

घाईतला_गडी
विचारलं तर इंग्रजी येत नाही असं वाटेल.

शब्दवेडी
उलट आहे. हा घोळ दोन्ही देशांत माहीत आहे, विचारण्यात कमीपणा नाही. बरं, ते वाक्य तिथेच संपतं का? पूर्ण मेल टाका.

घाईतला_गडी
'वुई विल टेबल इट ऑन थर्सडे अँड पिक इट अप नेक्स्ट क्वार्टर.' पुढचं नेहमीचंच आहे, म्हणून टाकलं नव्हतं.

निवांतराव
🤦 अहो, पुढच्या तिमाहीत परत हातात घेणार म्हणजे गुरुवारी बाजूलाच ठेवणार. अमेरिकन अर्थ. स्लाइड्स राहू द्या, झोपा.

शब्दवेडी
+१. तोवर फायनान्सकडून आकडे येतात का बघा. चेंडू तिकडे आहे म्हणजे त्यांच्याकडूनच अडलंय.

घाईतला_गडी
मग फोन त्यांनी करायचा की मी?

जुनाजाणता
अक्षर मोठं ठेवलंत ना?