उत्तर: फी नेमकी कशाची घ्यायची?

नोकरी सोडून जळगावात स्वतंत्रपणे करिअर समुपदेशन सुरू करावं का, आणि फी मागायची कशी, असं तुम्ही विचारलंय. मी हेच करतो, म्हणून थोडं लिहितो.

सुरुवातीला अमळनेरकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले होते. दीड तास बोललो, फी सांगितली, तर ते चकित. "भाऊ, नुसता बोलाना पैसा लेतस का?" चूक त्यांची नव्हती. आपल्याकडे सल्ला फुकटच असतो, तोही बिनमागता! तेव्हापासून आधी फोनवरच आकडा सांगतो, मग वेळ देतो.

आणि लोक पैसे देतात ते कलचाचणीचे नाहीत, कॅप राउंडच्या, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशाच्या सरकारी ऑनलाइन फेऱ्यांच्या, धाकाचे. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली की ती आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्या बंद. हे न कळता कोणीतरी सांगितलेलं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकून बसलेली मुलं दरवर्षी भेटतात. जात पडताळणी, नॉन क्रीमीलेयर या आरक्षणासाठी लागणाऱ्या दाखल्यांची आठवण मी अकरावीतच करून देतो. निकालानंतर धावपळ केली तर कागद हातात येईपर्यंत मुदत संपते.

कमाई मे ते ऑगस्ट. बाकी आठ महिने शाळांतली व्याख्यानं, बहुतेक वेळा नारळ आणि शाल. वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल तरच राजीनामा द्या.

कॉलेजवाले 'प्रत्येक प्रवेशामागे एवढे' म्हणत येतील. एकाला मी चहा पाजून परत पाठवलं. गाव लहान आहे हो, दुसऱ्याच दिवशी कळतं कोण कोणाचं खातो.