इंग्रजी अध्यापनाच्या नियतकालिकासाठी लेख लिहायचा आहे: वर्गातले काम कागदावर कसे आणावे?

हडपसरची शिक्षिका

नमस्कार. मी पुण्यात हडपसर भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत अठरा वर्षांपासून इंग्रजी शिकवते. ‘काल मी सिंहगडावर गेलो होतो’ हे मनातले वाक्य इंग्रजीत लिहिताना माझी आठवीची मुले ‘आय हॅड गॉन टू सिंहगड यस्टरडे’ असे लिहितात. मी तांबड्या शाईने ‘हॅड गॉन’ खोडून वर ‘वेन्ट’ लिहिते आणि पुढच्या आठवड्यात वहीत पुन्हा ‘हॅड गॉन’ असते. गेल्या वर्षी सहा आठवडे मी नियम सांगणे थांबवले. रोज तासाची पहिली दहा मिनिटे मुलांनी आदल्या दिवसाविषयी चार वाक्ये लिहायची आणि मराठीतील ‘गेलो’ व ‘गेलो होतो’ यांत फरक काय, हे आधी आपसात बोलून ठरवायचे, असा क्रम ठेवला. एका मुलीने सांगितले, “बाई, आई बाजारात गेली म्हटलं की ती अजून बाजारातच आहे. गेली होती म्हटलं की परत आली.” त्या दिवसापासून चर्चेला दिशा मिळाली.

४८ मुलांच्या वह्या आणि माझ्या टाचणवहीतील रोजच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. त्यांवरून एम.एड.च्या प्रबंधाचा आराखडा समोर ठेवून मी बावीस पानांचा इंग्रजी लेख लिहिला आणि एका व्हॉट्सॲप गटावर जाहिरात आलेल्या नियतकालिकाकडे पाठवला. तिसऱ्याच दिवशी, एकही दुरुस्ती न सुचवता, लेख स्वीकारल्याचे पत्र आले आणि सोबत पैसे भरण्याची मुदत कळवली. मी पैसे भरले नाहीत, परंतु तेव्हापासून मन उतरले आहे. लेख कुठे पाठवावा, तो कसा आटोपशीर करावा, आणि पीएच.डी. नसलेल्या शाळाशिक्षिकेचे लेखन अशा ठिकाणी वाचले जाते का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त प्राध्यापक, कोथरूड

मॅडम, पैसे भरले नाहीत हे फार चांगले केले. लेख खरोखर वाचून त्यावर दोन परीक्षकांचे मत मागवायचे म्हटले तर तीन दिवस पुरत नाहीत, अनेकदा तीन महिनेही पुरत नाहीत. केवळ शुल्क मागितले म्हणून नियतकालिक खोटे ठरत नाही, कारण लेख सर्वांना विनामूल्य वाचता यावा यासाठी लेखकाकडून शुल्क घेणारी प्रामाणिक नियतकालिकेही आहेत. पण परीक्षण न करता शुल्क मागणे हे मात्र स्पष्ट लक्षण आहे. मुखपृष्ठावरील आयएसएसएन क्रमांकानेही भुलू नये. तो आठ अंकी क्रमांक म्हणजे नियतकालिकाची केवळ ओळख असते, आतील मजकुराची पारख त्यात नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी सुरू केली तेव्हा तिचा कक्ष आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली. त्यामुळे आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी लेखकावर आणि त्याच्या संस्थेवर आली आहे. संपादक मंडळातील माणसे आपापल्या संस्थांच्या संकेतस्थळांवर खरोखर सापडतात का, आणि मागील दोन-तीन अंकांतील लेख वाचण्याजोगे आहेत का, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

पीएच.डी.चे म्हणाल, तर या विषयाचा पायाच वर्गात शिकवणाऱ्यांनी घातलेला आहे. ऑक्सफर्डकडून प्रसिद्ध होणारे ‘ईएलटी जर्नल’ १९४६ मध्ये सुरू झाले आणि त्याचे पहिले संपादक ए. एस. हॉर्नबी यांनी स्वतः अनेक वर्षे जपानमध्ये इंग्रजी शिकवले होते. एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४ या काळातील बेंगळुरू प्रकल्प दक्षिण भारतातील साध्या शाळांच्या वर्गांतच उभा राहिला आणि ‘मुलांचे लक्ष नियमावर नव्हे, कामाच्या अर्थावर असावे’ हा त्याचा विचार जगभर चर्चिला गेला. भारतीय शिक्षकांसाठी चेन्नई येथील ‘एल्टाय’ या संघटनेचे ‘जर्नल ऑफ इंग्लिश लँग्वेज टीचिंग’ आहे. माझ्या मते पहिला लेख तिथे पाठवणे रास्त ठरेल, कारण मराठी माध्यमाचा वर्ग म्हणजे काय हे तेथील वाचकाला पहिल्या परिच्छेदात समजावून सांगावे लागणार नाही. एक पथ्य पाळा: एकच लेख एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवू नका. आधीच्या ठिकाणाहून लेख मागे घेतल्याचे त्यांना ईमेलने लेखी कळवा आणि त्याची प्रत जपून ठेवा.

परीक्षक, औंध

मी अशा एका नियतकालिकासाठी काही वर्षे लेखांचे परीक्षण करते. ताई, तुमची अडचण तुमच्याच एका शब्दात आहे, तो म्हणजे ‘आराखडा’. प्रस्तावना, गरज, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, संबंधित साहित्याचा आढावा हा क्रम प्रबंधाला शोभतो, कारण आपण विषयाचा अभ्यास केला आहे हे तिथे परीक्षकाला दाखवून द्यायचे असते. नियतकालिकाचा वाचक मात्र स्वतः शिक्षक असतो आणि उद्याच्या तासाला उपयोगी पडेल किंवा आपल्या वर्गाकडे नव्याने पाहायला लावेल असे काही तो शोधत असतो. ‘इंग्रजी ही जगाची खिडकी आहे’ या आशयाने सुरू होणारे इतके लेख माझ्याकडे आले आहेत, की पहिल्या पानावर वर्ग दिसला तरी मन उल्हसित होते.

त्या मुलीचे वाक्य तुमच्या बावीस पानांत कुठे आहे? माझा अंदाज आहे की ते सोळाव्या-सतराव्या पानावर एका ओळीत असेल. त्याला पहिल्या परिच्छेदात आणा, कारण तुमच्या लेखाचा सगळा मुद्दा त्यात आहे. मराठीत ‘गेली होती’ या रूपाने ती जाऊन आली, ती गोष्ट आता संपली, असे सुचवता येते. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ला बहुधा भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेचा आधार लागतो: मी पोहोचलो तेव्हा ती गेली होती. मूल चुकते ते आळसाने किंवा नियम पाठ नसल्याने नव्हे. आपल्या भाषेतील एक नेमका भेद ते इंग्रजीत प्रामाणिकपणे घेऊन जाते. तांबडी शाई का हरते याचे हे उत्तर आहे आणि ते तुम्हाला पुस्तकात नव्हे, वर्गात मिळाले.

यावर परीक्षक एक शंका नक्की काढेल, तिची तयारी ठेवा. ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ ही रचना भारतात शिकलेसवरलेले लोकही सर्रास वापरतात, मग ती चूक म्हणायची की भारतीय इंग्रजीची लकब? तुमची बाजू कोणतीही असो, ती लेखात स्पष्ट मांडलेली हवी. बोर्डाच्या परीक्षेत गुण जातात म्हणून मी हे शिकवते, असे सरळ लिहिले तरी ते सबळ कारण आहे.

आकडेवारीविषयी आग्रहाने सांगते. एकच वर्ग, तुलनेसाठी दुसरा वर्ग नाही, आणि तरीही पूर्वचाचणी, उत्तरचाचणी व टी-मूल्याचे (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का, हे तपासणाऱ्या आकड्याचे) कोष्टक, असे लेख जवळजवळ नेहमी परत जातात. तुमच्यापाशी त्याहून मोलाचा ऐवज आहे. दोन-तीन मुले निवडा आणि त्यांच्या वहीतील पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या आठवड्याची वाक्ये जशीच्या तशी, खाडाखोडीसह द्या. ज्याच्यात काहीच बदल झाला नाही असा एक मुलगाही त्यात असू द्या. त्याला का उमगले नाही याविषयी तुम्ही जे लिहाल, त्यावरच वाचकाचा विश्वास बसेल.

जिल्हा परिषद शिक्षक, भोर

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी पहिली-दुसरीच्या वर्गात प्रत्यक्ष काय घडते हे आमच्यासारख्यांकडून क्वचितच लिहिले जाते. त्यामुळे बाईंचा लेख मला वाचायचा आहे. माझी एकच सूचना आहे. मुलांची मराठी वाक्ये आधी रोमन लिपीत, त्याखाली शब्दाला शब्द अर्थ आणि त्याखाली सरळ इंग्रजी भाषांतर, अशा तीन ओळींत द्या. ‘होती’ हा शब्द वाक्यात कुठे बसतो हे मराठी न जाणणाऱ्यालाही दिसेल. आमच्या केंद्रातील शिक्षण परिषदेत मी असे फळ्यावर लिहून दाखवले होते, तेव्हा स्वतः मराठी बोलणाऱ्या शिक्षकांनाही त्यातला भेद नव्याने जाणवला.

हडपसरची शिक्षिका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. ते वाक्य खरोखरच सतराव्या पानावर होते. काल रात्री लेख पुन्हा सुरुवातीपासून लिहायला घेतला आणि साहित्याचा आढावा दोन परिच्छेदांवर आणला. पहिले वाक्य आता असे आहे: ‘आठवीच्या वर्गात एका मुलीने मला सांगितले की तिची आई बाजारातून परत आली आहे हे तिला एका क्रियापदातून कळते.’ बदल न झालेल्या मुलाची वहीही काढून ठेवली आहे. तो घरी मराठी बोलत नाही, वडार वस्तीतून येतो, आणि ‘गेलो होतो’चा आधार त्याला मुळातच नव्हता, हे मला वही पुन्हा वाचताना प्रथमच उमजले.

एक शंका उरते. वह्यांची छायाचित्रे छापायची तर परवानगी कोणाची घ्यावी?

परीक्षक, औंध

मुख्याध्यापकांची लेखी आणि पालकांचीही लेखी. पालकांसाठीचे पत्र मराठीत, साध्या शब्दांत असावे, आणि नकार दिल्यास मुलाच्या गुणांवर काही परिणाम होणार नाही हे त्यात स्पष्ट लिहावे. मुलांनाही विचारा, वही त्यांची आहे. लेखात नावे बदला, शाळेचे नाव देऊ नका, आणि छायाचित्रात वहीच्या कोपऱ्यावरचे नाव व हजेरी क्रमांक झाकला गेला आहे ना, हे पाठवण्यापूर्वी पाहा. वस्तीचा उल्लेखही गाळा, कारण वर्गात त्या वस्तीतील तो एकटाच असेल तर नाव बदलूनही तो ओळखू येईल. ‘घरची भाषा मराठी नाही’ एवढे पुरे आहे. आणि त्या मुलाविषयीचा भाग घाईने आटोपू नका. त्यासाठी दुसरीकडची दोन पाने कमी झाली तरी चालतील.