टोमॅटोत ट्रायकोकार्ड लावूनही फळात अळी का?

प्रश्न: फुलोऱ्यात ट्रायकोकार्ड लावलं, तरी फळं पोखरलेली दिसतात. कार्ड किती, कधी आणि कसं लावायचं?

उत्तर १: ट्रायकोग्रामाची माशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ज्या पतंगाची अळी फळ पोखरते, त्याच्या अंड्यात ती आपलं अंडं घालते. फळात शिरलेल्या अळीला काहीच करू शकत नाही. म्हणून अळीची वाट न पाहता कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) पतंग पडू लागताच कार्ड लावा. एका कार्डावर ट्रायकोग्रामाने आत अंडं घातलेली पतंगाची १८ ते २० हजार अंडी चिकटवलेली असतात, त्यातूनच माश्या निघतात. एकरी दोन-तीन कार्डं, दर आठवड्याला, असं पाच-सहा वेळा. एकदा लावून भागत नाही, कारण माशी थोडेच दिवस जगते आणि पतंग अंडी घालतच राहतात.

पट्ट्या कापून शेतभर पानांच्या खालच्या बाजूला संध्याकाळी टाचा, पिन अंड्यांवर येऊ देऊ नका. मुंग्या मात्र रातोरात पट्टी साफ करतात! मुंग्या असतील तिथे पट्टी दोऱ्याने टांगा, दोऱ्याला ग्रीसचं बोट ओढा.

उत्तर २: आठवड्याने पट्टी भिंगाखाली बघा. काळ्या अंड्यांना बारीक गोल भोकं असतील तर माश्या निघाल्या. भोकं नसतील तर कार्ड फ्रीजमध्ये फार दिवस पडून राहिलं किंवा उन्हात तापलं असावं.

उत्तर ३: कार्ड लावण्याआधी आणि नंतर आठवडाभर रासायनिक फवारणी नकोच, पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक तर अजिबात नको. आत्ता दिसणाऱ्या लहान अळ्यांसाठी संध्याकाळी एचएएनपीव्ही (या अळीला रोगी करून मारणारा विषाणू) फवारा. हा विषाणू माशीला अपाय करत नाही. पोखरलेली फळं तोडून शेताबाहेर नष्ट करा.