शिक्षण परिषदेत तंत्रज्ञानाचं सत्र: 2 तास, 28 शिक्षक, रेंज नाही. नेमकं काय घ्यावं?

खडूफळा:
पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत माझ्याकडे 2 तासांचं सत्र आहे. विषय लिहून आलाय "अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर", एवढाच. 28 शिक्षक, निम्मे द्विशिक्षकी शाळांचे, म्हणजे जोडवर्ग, एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-दोन इयत्ता. एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप. फोन सगळ्यांकडे आहेत, पण रेंज फक्त खिडकीपाशी. नेहमीचा साचा ठाऊक आहेच: पीपीटीत 15 ॲपांची नावं, चहा, हजेरीवर सही. 2020 च्या शैक्षणिक धोरणातले शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्षाचे 50 तास असे भरतात, वर्गात काहीच उतरत नाही. दुसऱ्या दिवशी वापरता येईल असं काय घ्यावं? आणि प्रोजेक्टरने ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून काय तपासावं?

अंशछेद:
सर, 15 ॲपं सोडा, एकच गोष्ट घ्या: धडा चालू असताना सगळ्या वर्गाला एकाच वेळी बहुपर्यायी प्रश्न विचारणं. ॲपपेक्षा प्रश्न महत्त्वाचा. चुकीच्या प्रत्येक पर्यायामागे मुलांची खरी चूक हवी. उदा. 1/2 + 1/3 = ?
1) 2/5 2) 5/6 3) 2/6 4) 1/6
2/5 निवडणारा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो. 2/6 वाल्याने समच्छेद केला, पण अंश बदलायचे राहिले. 1/6 वाला गुणाकार करून बसलाय. तिघांना तीन वेगळी उत्तरं द्यावी लागतात. "चूक, पुन्हा कर" म्हणून भागत नाही.

उत्तर बोटांनी, 1 ते 4. बोटं छातीशी धरायची, हात वर नाही. वर केला की शेजारचा बघून बदलतो. मग हार्वर्डच्या एरिक माझूर यांची रीत: बरोबर उत्तरं 30 टक्क्यांच्या खाली असतील तर संकल्पना पुन्हा शिकवा, 30 ते 70 असतील तर उत्तर न सांगता शेजाऱ्याशी 2 मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा मत घ्या, 70 च्या वर असतील तर थोडक्यात समजावून पुढे चला. पट 30 असेल तर हे आकडे 9 आणि 21. रीत कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातली आहे, त्यामुळे पट 12 असेल तेव्हा टक्केवारी काढत बसू नका, अंदाज पुरे. दुसऱ्या मतानंतर "2/5 अर्ध्यापेक्षा मोठा की लहान?" एवढंच विचारा. मिळवल्यावर कमी कसं झालं, हे मुलंच बोलून दाखवतात.

उत्तरांची नोंद ठेवायची तर प्लिकर्स हे ॲप: शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा मुलांची कार्डं वाचतो. नेट एका फोनला लागतं, मुलांच्या हातात फक्त कागदी कार्ड. ते कोणत्या बाजूने वर धरलंय त्यावरून उत्तर ठरतं. नेहमीच्या संचात 40 कार्डं असतात. लॅमिनेशन करू नका, चकाकीमुळे कॅमेरा वाचत नाही. जाड कागदावर छापा. काळ्या आकृतीवर बोट आलं तरी कार्ड वाचायचं राहून जातं.

वेळेची वाटणी: 15 मिनिटं शिक्षकांनाच विद्यार्थी करून एक प्रश्न, 15 मिनिटं चुकांची चर्चा, 50 मिनिटं इयत्तेनुसार गट करून प्रत्येकाचा एक प्रश्न, चुकीच्या पर्यायाशेजारी कारण लिहून, 30 मिनिटं दुसऱ्या गटावर चाचणी, शेवटची 10 मिनिटं कोणता वार, कोणती तासिका ते टाचणात (पाठाच्या आखणीत) लिहायला. त्या 50 मिनिटांना कात्री लावू नका. पहिला प्रश्न बहुतेकांचा "खालीलपैकी राजधानी कोणती" छापाचा येतो, तो खोडून दुसरा लिहायला वेळ लागतो.

वायरमन_गुरुजी:
प्रोजेक्टरचं सांगतो.

लॅम्पचा प्रोजेक्टर साधारण 250-300 वॅट खातो. संगणकाच्या 600 व्हीएच्या यूपीएसवर जेमतेम काही मिनिटं निघतात, तेव्हा लाइट गेली तर काय करायचं ते फळ्यावर तयार ठेवा.

चित्र फिकट दिसलं की लोक खिडक्यांना लावायला पडदे शोधतात. आधी प्रोजेक्टर पुढे सरकवा. 6 फूट रुंदीचं चित्र 4 फुटांवर आणलं की तोच उजेड सव्वादोन पट दाट होतो.

व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जातं, आवाजाची वायर वेगळी लागते. एचडीएमआय लावली की आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरच्या पिटुकल्या स्पीकरला जातो. लॅपटॉपच्या स्पीकर चिन्हावरून बाहेरचा स्पीकर निवडा. पडद्यावर काहीच येत नसेल तर विंडोज + पी, मग डुप्लिकेट.

फोन दाखवायचा असेल तर टाइप-सी टू एचडीएमआय कन्व्हर्टर आंधळेपणाने घेऊ नका. स्वस्त फोनच्या टाइप-सीमधून बहुधा चित्र बाहेर येतच नाही. त्यापेक्षा लॅपटॉपवर स्क्रीन कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या (शोधताना अक्षरं एस-सी-आर-सी-पी-वाय), नेट लागत नाही. फोनमध्ये बिल्ड नंबरवर 7 वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा. नुसत्या चार्जिंगची केबल चालत नाही, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. काम झालं की डीबगिंग बंद, काही बँकेची ॲपं कुरकुरतात.

आणि फॉन्ट! श्रीलिपी-शिवाजीत टाइप केलेली पीपीटी दुसऱ्या लॅपटॉपवर चिनी होते. युनिकोडमध्ये टाइप करा आणि वर पीडीएफही पेन ड्राइव्हमध्ये ठेवा.

जोडवर्ग_तिसरी_चौथी:
अंशछेद सरांची पद्धत एका वर्गाला ठीक, पण जोडवर्गात दुसरी इयत्ता तोवर काय करणार? तिथे कोलिब्री बघा. नेटशिवाय धडे आणि सराव दाखवणारं, लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर आहे, म्हणजे दुसरी इयत्ता टॅबवर काम करू शकते. जिथे नेट आहे तिथे लॅपटॉपवर चॅनेल (धडे-व्हिडिओंचा संच) उतरवून घ्यायचं, तिथून पेन ड्राइव्हवर एक्स्पोर्ट, शाळेच्या लॅपटॉपवर इम्पोर्ट. लॅपटॉप आणि टॅब एकाच हॉटस्पॉटला जोडले की मुलं टॅबच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि पुढे :8080 टाकून उघडतात. आख्खं चॅनेल उतरवू नका, व्हिडिओंनी डिस्क भरते. पुढच्या 2 आठवड्यांचे घटक निवडा. मराठीत काय मिळतंय ते आधी तपासा. दीक्षा ॲप वापरत असाल तर पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड घरीच स्कॅन करून आशय डाउनलोड करून आणा.

खडूफळा:
आभार, मंडळी. प्रश्नांचंच सत्र ठरवलं. कोलिब्री आज टाकून पाहिलं: लॅपटॉपवर चालतं, पण त्याच हॉटस्पॉटवरच्या टॅबमध्ये पान उघडत नाही.

वायरमन_गुरुजी:
विंडोजने हॉटस्पॉटला "पब्लिक" धरलं असणार. नेटवर्क प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "प्रायव्हेट" करा आणि फायरवॉलमध्ये कोलिब्रीला परवानगी द्या. पत्ता एचटीटीपीने सुरू होऊ द्या, एचटीटीपीएस नको. हॉटस्पॉट बंद-चालू केला की आयपी बदलू शकतो, तो रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. फोनच्या हॉटस्पॉटला जोडण्यांची मर्यादा असते, बऱ्याच फोनमध्ये 10 च्या आसपास. लॅपटॉपही त्यात मोजला जातो.

सुलभक:
सर, एक भर. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक जॉइस आणि शॉवर्स यांनी 1980 मध्येच मांडलंय की ऐकणं, प्रात्यक्षिक आणि सराव एवढ्यावर नवी पद्धत वर्गात टिकत नाही, वर्गात जाऊन सोबत करणारा कुणीतरी लागतो. म्हणून सत्रातच जवळच्या शाळांच्या जोड्या लावा. 3 आठवड्यांत एकमेकांच्या वर्गात एकदा, 20 मिनिटं. बघायचं तीनच: पहिल्या मतात किती बरोबर, दुसऱ्यात किती, आणि शिक्षकाने उत्तर आधीच फोडलं का. हे तिसरं फार वेळा होतं. शेरे किंवा गुण नकोत, केंद्रप्रमुखांना अहवालही नको. तपासणी वाटली की लोक आधी सराव करून घेतलेला प्रश्न दाखवतात. पुढच्या परिषदेत प्रत्येक जोडीने फसलेला एक प्रश्न आणावा, 5 मिनिटांत दुरुस्त करून न्यावा.