हेलबॉय, तासलेली शिंगे आणि पत्रिकेतले मूळ

चौकटवेडा:
माइक मिन्योला यांच्या कॉमिक्समधला हेलबॉय हा एक लाल पैलवान असून तो जगबुडी करणार हे त्याच्याविषयीचे भाकीत म्हणजे कथेला वजन आणण्यासाठी चढवलेला मुलामा आहे, असे 'जुनाट' यांनी गेल्या आठवड्यात लिहिले. नायक जगबुडी करणार नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, हा त्यांचा आधार. दोन दिवस गप्प बसलो, पण चीड जाईना.

२३ डिसेंबर १९४४ रोजी रशियन मांत्रिक रास्पुतिन स्कॉटलंडजवळच्या एका बेटावर नाझींसाठी विधी करतो आणि नरकातले पोर, म्हणजे हेलबॉय, प्रकटते इंग्लंडमधल्या एका पडक्या चर्चमध्ये. त्याचे खरे नाव, उजवा दगडी हात आणि त्या हाताने प्रलयाचे कुलूप उघडायचे, हे सारे आधीच लिहून ठेवलेले आहे. तो ते करील का, एवढाच प्रश्न असता तर जुनाट यांचे म्हणणे मी मान्य केले असते. पण जगाच्या अंताची किल्ली मनगटाला घेऊन हा माणूस रोज कामावर जातो, शिंगे वाढली की तासतो, आणि याविषयी कोणी बोलू लागले की विषय बदलतो. १९९९ मधली 'पॅनकेक्स' ही दोन पानांची गोष्ट पुन्हा वाचा. १९४७ साल, न्यू मेक्सिकोतला लष्करी तळ, आणि न्याहारीला नूडल्सच हव्यात म्हणून अडून बसलेले पोर. पॅनकेकचा एक घास बळेच पोटात जातो, त्याला तो आवडतो, आणि तिकडे नरकात आकांत उसळतो की हा आता आपल्याकडे परत येत नाही. भाकिताला तडा गेला आहे तो या ताटलीत.

जुनाट:
विनोदी दोन पानांना आपण पुरावा मानता, हे वाचून करमणूक झाली. हात कुठे गेला? शिंगे पुन्हा उगवतात, तो पुन्हा तासतो. याला नियतीवर मात म्हणायचे असेल तर मी दररोज सकाळी दाढी करून तेच करतो. शिवाय २०१९ मध्ये मूळ कथानक जेथे संपते तेथे माणसाचे पृथ्वीवरचे राज्य बुडतेच. म्हणजे पंचवीस वर्षे वाचून हाती काय आले, तर भविष्य उशिरा खरे ठरले. विदुराने दुर्योधनाच्या जन्मावेळी कोल्हेकुई ऐकून, कुळासाठी या एकाचा त्याग करा, असे सांगितले होते. धृतराष्ट्राने ऐकले नाही, आणि अठरा अक्षौहिणी सैन्य मातीत गेले. विदुर बरोबर होता.

अक्षता:
जुनाटकाका, विदुराचे नाव इतक्या सहज घेऊ नका. द्यूताच्या वेळीही विदुर त्या जन्मवेळच्या कोल्हेकुईची आठवण काढतो. ज्या घरात पोराचे भविष्य इतकी वर्षे उगाळले जाते, तेथे ते पोर दुसरे कोण होणार होते? हेलबॉयला वाढवणाऱ्या प्रोफेसर ब्रुटनहोम यांनीही पोर ठेवूनच घेतले, पण त्याला ताटावर बसवले.

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. सत्ताविसाव्या दिवशी शांत होईपर्यंत वडिलांनी माझे तोंड पाहिले नाही, आणि पाहिले तेही आधी काशाच्या वाटीतल्या तेलात. घरात कपबशी फुटली तरी आजी माझ्याकडे पाहत असे. मी सात वर्षांची असताना वडील स्कूटरवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला, तेव्हा मी संध्याकाळपर्यंत पलंगाखाली लपून होते, कारण तो मीच मोडला अशी माझी खात्री होती. पुढे सासऱ्याला वाईट म्हणून तीन स्थळे परत गेली. चौथ्या घरचे सासरे आज ८१ वर्षांचे आहेत, पहाटे फिरायला जातात आणि माझा चहा पाणचट असतो अशी तक्रार करतात.

पंचांगी:
धागा ग्राफिक नॉव्हेलचा असताना शास्त्राची टिंगल कशासाठी? शांत केली म्हणूनच सासरे ठणठणीत आहेत, असा विचार या ताईंना शिवलेलाही दिसत नाही.

अक्षता:
तसे असेल तर शांतीनंतर पाय का मोडला, हे आधी सांगा. वाईट झाले तर नक्षत्र आणि चांगले झाले तर शांत, असा दोन्ही बाजूंनी जिंकणारा हिशेब माझ्यापुढे मांडू नका. पलंगाखाली मी होते, आपण नव्हता.

चौकटवेडा:
पंचांगी, आपण पुस्तक वाचले आहे का, एवढेच विचारतो. जुनाट, शेवटाबद्दलचा आपला मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. जग बुडते हे खरे. परंतु हेलबॉय ते बुडवायला निघालेला नसतो, आणि भाकिताने त्याच्यासाठी नेमलेले काम तर नेमके तेच होते. कपाळावर मुकुट चढलेला असताना तो स्वतःची शिंगे मोडतो, ते पान आपण दाढीच्या घाईत उलटलेले दिसते.

जुनाट:
टोमणा पोहोचला. अक्षताताई, विदुराविषयीचे माझे वाक्य मी मागे घेतो. आमच्या धाकट्या बहिणीचेही मूळच होते आणि घरात त्यावर कोणी बोलत नाही. हेलबॉयविषयीचे एक अक्षरही मागे घेत नाही. 'पॅनकेक्स' असलेला खंड माझ्याकडे नाही, तो चौकटवेड्यांनी पाठवावा. टपालखर्च मी देणार नाही.