मदत हवी आहे: मांजर गवत खाते आणि ओकते

कुंदा_ठाणे: कोणीतरी लवकर सांगा. आमची चिंगी चार दिवस झाले, सकाळी उठली की आधी गवत खाते आणि दहा मिनिटांत ओकते. आज सोफ्यावर. खाणं बदललेलं नाही. मांजर गवत का खाते? पोट बिघडलंय का? गवत बंद कसं करू?

मनीमाऊ७: वय किती? जंतांचं औषध कधी दिलं होतं? बाहेर फिरते का? ओकारीत काय पडतं?

अण्णा_सातारकर: एवढं घाबरू नका. पोटातले केस काढायला खातात. आमच्या वाड्यात सात-आठ मांजरं होती, सगळी दूर्वा खायची. एकालाही डॉक्टर लागला नाही.

शमा_प: अण्णा, केसांचं कारण पटत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने १००० हून जास्त मांजरपालकांना विचारलं होतं. लांब केसांची आणि आखूड केसांची मांजरं सारखंच गवत खातात, असं निघालं. खाण्याआधी बहुतेक ठणठणीत असतात आणि नेहमी ओकणारी साधारण २७ टक्केच. त्यांचा अंदाज असा की रानमांजरांना पाल्यामुळे आतडी हलून जंत बाहेर टाकता यायचे, ती सवय रक्तात राहिली.

अण्णा_सातारकर: सर्वेक्षण राहू दे. दूर्वा खाल्ल्यावर केसांची गुंडाळी पडलेली मी डोळ्यांनी पाहिलीय.

शमा_प: पडली असेल, नाही म्हणत नाही. पण त्यासाठीच खाल्ली, हे कशावरून?

निशा२२: घरात लिलीची फुलं आणत असाल तर बंद करा. परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाऊ शकते.

कुंदा_ठाणे: लिली नाहीये हो! चिंगी ३ वर्षांची, फ्लॅटमध्येच असते. जंतांचं औषध गेल्या वर्षी दिलं. ओकारीत अख्खं पातं, दोन जागी मुडपलेलं, आणि पिवळा फेस. गवत म्हणजे बाल्कनीतला गवती चहा.

मनीमाऊ७: अहो, हे आधी सांगायचं ना! गवती चहाची पाती धारदार, त्यात तेल. मांजराच्या पोटाला झोंबतो. कुंडी आजच हलवा.

विनय_डोंबिवली: गवती चहाचा एखादा ठोंब मिळेल का? आमचा पावसात कुजला.

शमा_प: गवत तोडू नका, बदला. नवरात्रात घट बसवताना पेरतो तसे गहू पसरट कुंडीत पेरा, आठवड्यात बोटभर येतात. पण चार दिवस रोज ओकतेय म्हणजे डॉक्टरांना दाखवाच. जेवते का?

कुंदा_ठाणे: काल अर्धी वाटी तशीच ठेवली. संध्याकाळी ६ ची वेळ मिळालीय, ओकारीचा फोटो काढून ठेवलाय. विनय, ठोंब काय, कुंडीच न्या. आमच्याकडे पॅकेटचं पीठ असतं, अख्खे गहू कुठे मिळतील?

अण्णा_सातारकर: कुठल्याही वाण्याकडे. पावशेर पुरतील. रात्रभर भिजवा आणि डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवा.