‘राखीव मेमरी’ की ‘आरक्षित मेमरी’?

विचारणा
संगणक सुरू होताना फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेले, संगणक सुरू करून देणारे सॉफ्टवेअर) मेमरीची व्यवस्था कशी लावते, हे समजावणाऱ्या मार्गदर्शिकेचे मी भाषांतर करीत आहे. फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला मेमरीचा जो नकाशा देते, त्यातील काही पट्ट्यांवर ‘रिझर्व्ह्ड’ अशी नोंद असते. मी तेथे ‘राखीव’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘आरक्षित’ केले आणि ‘राखीव’ हा शब्द तांत्रिक लेखनाला शोभत नाही, असे कळवले. जाणकारांचे मत हवे आहे.

पहिले उत्तर
दोन्ही शब्द ‘रक्ष्’ या एकाच धातूचे आहेत. एक थेट संस्कृतातून आला, दुसरा प्राकृतातल्या ‘रक्ख’वरून ‘राखणे’ होऊन आला, त्यामुळे एकाला तांत्रिक आणि दुसऱ्याला घरगुती ठरवण्यास आधार नाही. माझ्या कानाला मात्र फरक जाणवतो. ‘आरक्षित’ म्हटले की पुढे कोणीतरी येऊन ती जागा घेणार, असे वाटते. ‘राखीव’मध्ये इतरांनी तेथे शिरू नये, हा अर्थ ठळक आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला नेमके तेच सांगायचे असल्यामुळे तुमचाच शब्द ठेवावा.

दुसरे उत्तर
विशेषणावर वाद घालण्याआधी नाम तपासावे. नकाशात राखून ठेवलेले असतात ते पत्ते, म्हणजे प्रोसेसर ज्यांवरून जागा ओळखतो ते क्रमांक. त्यांच्यामागे मेमरी असेलच असे नाही. इंटेलच्या ३८६ पासूनच्या प्रोसेसरांत पहिली आज्ञा ४ जीबीच्या हद्दीखाली १६ बाइट्सवर असलेल्या पत्त्यावरून उचलली जाते, आणि त्या पत्त्याला उत्तर देते ती रॅम नव्हे, तर फर्मवेअर साठवलेली चिप. त्या क्षणी रॅम वापरण्याजोगीही नसते. तिची जुळवणी होईपर्यंत फर्मवेअर प्रोसेसरच्या कॅशेलाच (प्रोसेसरमधील छोट्या, वेगवान मेमरीलाच) तात्पुरती रॅम म्हणून वापरते. म्हणून ‘राखीव पत्ते’ लिहावे.

तिसरे उत्तर
‘स्मृती’सारखा सुंदर शब्द असताना सगळेजण ‘मेमरी’ का लिहीत आहेत? ‘फर्मवेअर’लाही ‘दृढाज्ञावली’ म्हणता येईल. सॉफ्टवेअरसाठी ‘आज्ञावली’ रुळला, तसा हाही वापरला तर रुळेल. प्रत्येक नव्या वस्तूचे नाव उसनेच घ्यायचे ठरवले, तर शब्द घडवण्याची आपली सवयच मोडेल.

चौथे उत्तर
‘दृढ’ला माझा ठाम विरोध आहे. अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये ‘डेटामेशन’ नियतकालिकात ‘फर्मवेअर’ हा शब्द वापरला, तो प्रोसेसरमधील पुन्हा लिहिता येणाऱ्या नियंत्रण-साठ्यातील (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचना ठेवण्याच्या जागेतील) मजकुराला. बदलता येणे हा त्या शब्दाच्या जन्मापासूनचा गुण आहे, आणि आजही फ्लॅश चिपमधील फर्मवेअर आपण अद्ययावत करतोच. ‘दृढ’ने वाचकाची दिशाभूल होईल. ‘स्मृती’ माणसाची, यंत्राची ‘मेमरी’ आता मराठीच झाली आहे, तिचे ‘मेमरीत’, ‘मेमरीला’ असे विभक्तीप्रत्यय कोणाला खटकत नाहीत.

तिसरे उत्तर देणारा
प्रत्यय लागला म्हणजे शब्द आपला झाला, ही कसोटी फार सैल आहे. तिने कोणताही शब्द मराठी ठरेल.

पाचवे उत्तर
जुन्या बायॉसच्या (पूर्वीच्या पीसींमधील फर्मवेअरच्या) काळात रॉम, म्हणजे ते साठवलेली चिप, संथ असल्यामुळे तिच्यातील मजकूर रॅममध्ये उतरवून तेथूनच चालवत, त्याला ‘शॅडो रॅम’ म्हणत. त्या उतरवलेल्या मजकुराला मी ‘छायाप्रत’ म्हणत असे, तर एका सहकाऱ्याने तो शब्द झेरॉक्ससाठीच असल्याचे बजावले. माझ्या मते येथेही तो चपखल बसतो, कारण प्रत निघते आणि मूळही जागेवर राहते.

चौथे उत्तर देणारा
अर्थ बसतो, पण वाचकाच्या डोळ्यांसमोर कागद येतो. ‘रॅममधील प्रत’ पुरेसे आहे.

विचारणा करणारा
पत्त्यांचा मुद्दा मी संपादकांना कळवतो. मात्र यूईएफआयमध्ये (बायॉसनंतर आलेल्या फर्मवेअरच्या पद्धतीत) ऑपरेटिंग सिस्टिमने ताबा घेतल्यावर बूट सेवांची, म्हणजे फक्त सुरू होताना लागणाऱ्या सेवांची, मेमरी तिला वापरायला मोकळी होते आणि रनटाइम सेवांची, म्हणजे नंतरही लागणाऱ्या सेवांची, फर्मवेअरसाठीच ठेवावी लागते. या दुसऱ्या मेमरीच्या मागे खरोखर रॅम असते. मग तिला काय म्हणावे?

तिसरे उत्तर देणारा
प्रथम ‘स्मृती’ म्हणावे. विशेषणाचे नंतर पाहू.